नव्या ‘प्लेयर्स हँडबुक’मधले बारा क्लास: नावांचा वारसा आणि प्रत्यक्ष खेळ

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून, पात्रं रंगवत खेळायच्या खेळाचं २०२४चं ‘प्लेयर्स हँडबुक’, म्हणजे खेळाडूंचं नियमपुस्तक, ३८४ पानांचं आहे. त्यातलं तिसरं प्रकरण, म्हणजे कॅरेक्टर क्लासचं (क्लास म्हणजे पात्राचा पेशा: लढवय्या, जादूगार, चोर वगैरे), मी सगळ्यात जास्त वेळा उघडते. फीट्स (पात्राची जादा कसबं), शस्त्रं, स्पेल (मंत्र) या गोष्टी गरज पडेल तशा बघायच्या असतात. क्लास मात्र पहिल्याच दिवशी निवडावा लागतो, आणि नवा खेळाडू तो नावावरून निवडतो. डीएम म्हणून, म्हणजे खेळ चालवणारी म्हणून बसले की हे हमखास बघायला मिळतं. हिट डाय (पात्राचा जीव किती ते ठरवणारा फासा) कितीचा, मुख्य गुण कोणता, हे कुणी विचारत नाही. नाव वाचतात, शेजारचं चित्र बघतात आणि ठरवून मोकळे होतात. म्हणून या पुस्तकाला मी एकच कसोटी लावणार आहे: नाव जे कबूल करतं, ते क्लास खेळताना देतो का? आणि ते नाव आलं कुठून, हे कळल्यावर खेळायला जास्त मजा येते की नाही?

माझ्या भाच्याने पुस्तक हातात घेतलं आणि दोन मिनिटांत तक्रार केली, “आत्या, मला थीफ व्हायचंय, पण यात थीफ क्लासच नाहीये!”

“आहे ना. ‘रोग’ (rogue, म्हणजे भामटा) घे, तिसऱ्या लेव्हलला थीफ होशील.”

“म्हणजे चोर व्हायला तीन लेव्हल थांबायचं?”

प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचं उत्तर या खेळाच्या इतिहासात आहे. १९७५च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीत थीफ हा स्वतंत्र क्लास म्हणून आला. कुलपं उघडणं, भिंती चढणं, सावलीत लपणं आणि मागून वार करणं, हे त्याचं काम. १९७८च्या ‘ॲडव्हान्स्ड’ आवृत्तीच्या हँडबुकात प्रत्येक लेव्हलला एक पदवी असे. थीफची पहिल्या लेव्हलची पदवी होती ‘रोग’. मग फुटपॅड, कटपर्स, रॉबर, बर्गलर, फिल्चर, शार्पर, मॅग्समन असं चढत चढत नवव्या लेव्हलला मिळायची ती पदवी ‘थीफ’. म्हणजे क्लासचं नाव थीफ, पण तुम्ही खऱ्या अर्थाने थीफ व्हायचे ते नऊ पायऱ्या चढून गेल्यावर. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘रोग’ हे एका अख्ख्या गटाचं नाव झालं आणि त्या गटात थीफ आणि बार्ड (गाणारा भाट) असे दोघे बसले. २००० साली तिसऱ्या आवृत्तीत थीफ हे क्लासचं नाव गेलं, ‘रोग’ राहिलं. २०१४च्या हँडबुकात थीफ परत आला, पण ‘रोग’चा सबक्लास (क्लासमधली एक शाखा) म्हणून, आणि २०२४मध्येही तो तिथेच आहे. जे नाव सगळ्यात खालच्या पायरीचं होतं ते आज अख्ख्या क्लासचं आहे, आणि जे शिखराजवळचं होतं ते त्याची एक शाखा झालंय.

मला हा बदल पटतो. ‘थीफ’ म्हटलं की खेळाडू पार्टीतल्या सोबत्यांचे खिसे कापायला लागतो, हे प्रत्येक डीएमने सोसलेलं आहे. ‘रोग’मध्ये हेर बसतो, जुगारी बसतो, कुलपं दुरुस्त करणारा कारागीरही बसतो. शिवाय थीफ सबक्लासमध्ये जुन्या क्लासच्या खुणा जपल्या आहेत. भिंती चढण्याचं जुनं कौशल्य आता ‘सेकंड-स्टोरी वर्क’ या नावाने येतं. १९७८चा थीफ दहाव्या लेव्हलला जादूची लिखाणं वाचू शकायचा, कधी कधी ती अंगावरही उलटायची. आजच्या थीफला तेराव्या लेव्हलला ‘यूज मॅजिक डिव्हाइस’ मिळतं, ते त्याचंच पुढचं रूप. चोरांची गुप्त भाषा, थीव्ज कँट, तर पहिल्या लेव्हललाच हातात पडते. भाच्याला मी ही भाषा दाखवली तेव्हा त्याची तीन लेव्हलची तक्रार मावळली. सराईत चोराशी दुसऱ्या कुणाला कळणार नाही असं बोलता येतं म्हटल्यावर त्याला आणखी काही नको होतं.

लेव्हलला पदव्या का होत्या, याचं मूळ युद्धखेळात आहे. १९७१च्या ‘चेनमेल’मध्ये, म्हणजे छोट्या पुतळ्यांनी खेळायच्या लढाईच्या नियमांत, ‘हीरो’ चार माणसांच्या बरोबरीने लढायचा आणि ‘सुपरहीरो’ आठ जणांच्या. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४मध्ये पहिलं ‘डी अँड डी’ काढलं तेव्हा त्यात तीनच क्लास होते: फायटिंग-मॅन, मॅजिक-यूजर आणि क्लेरिक (धर्मगुरू). फायटिंग-मॅनची चौथ्या लेव्हलची पदवी हीरो, आठवीची सुपरहीरो. चाराचे चार आणि आठाचे आठ, हिशेब सरळ. मधल्या पायऱ्यांना स्वॉशबकलर, मर्मिडन, चॅम्पियन अशी नावं भरली आणि नवव्या लेव्हलला लॉर्ड.

मॅजिक-यूजरची यादी तर मी कधीही तोंडपाठ म्हणून दाखवते: मीडियम, सीअर, कॉन्ज्युरर, थिअर्जिस्ट, थॉमॅटर्जिस्ट, मॅजिशियन, एन्चँटर, वॉरलॉक, सॉर्सरर, नेक्रोमॅन्सर, विझर्ड. आता ही यादी डोळ्यांसमोर ठेवून नवं हँडबुक चाळा. आठव्या पायरीचा वॉरलॉक आज क्लास आहे. नवव्या पायरीचा सॉर्सरर २००० सालापासून क्लास आहे. अकराव्या पायरीचा विझर्डही क्लास आहे, आणि तो किताब आता पहिल्याच दिवशी मिळतो. सहाव्या पायरीचं ‘मॅजिशियन’ हे नाव ड्रुइडला (निसर्गाची शक्ती वापरणाऱ्या क्लासला) पहिल्या लेव्हलला कराव्या लागणाऱ्या निवडीत सापडेल. एक पर्याय मॅजिशियन, दुसरा वॉर्डन. पाचव्या पायरीचा थॉमॅटर्जिस्ट थोडं रूप बदलून क्लेरिककडे गेला. त्याला प्रोटेक्टर आणि थॉमॅटर्ज यांतून एक निवडायचं असतं. फायटिंग-मॅनचा सातव्या लेव्हलचा चॅम्पियन आज फायटरचा सबक्लास आहे. पन्नास वर्षांत ही नावं वाया गेलेली नाहीत, फक्त त्यांच्या जागा बदलल्या.

हे सगळं पुस्तकात कुठेही लिहिलेलं नाही, आणि माझा पहिला आक्षेप तोच आहे. २०२४ हे खेळाचं पन्नासावं वर्ष होतं. प्रत्येक क्लासच्या सुरुवातीला भलंमोठं चित्र आहे, प्रत्येक सबक्लासलाही चित्र आणि एका ओळीचं ब्रीद आहे. तिथेच चार ओळींत ‘हे नाव कुठून आलं’ एवढं सांगायला जागा नक्की होती. नव्या खेळाडूला वाटतं की ही बारा नावं कुणीतरी एका बैठकीत ठरवली असावीत. पण त्यातली कित्येक कुणाच्या ना कुणाच्या प्रत्यक्ष खेळातून, गरजेतून आली आहेत.

क्लेरिकचं उदाहरण घ्या. आर्नेसनच्या ‘ब्लॅकमूर’ कॅम्पेनमध्ये (सलग चालणाऱ्या खेळात) एका खेळाडूचा व्हॅम्पायर इतका शिरजोर झाला की त्याला आवर घालायला दैवी शक्तीचा माणूस हवा होता. त्यातून क्लेरिक जन्माला आला, म्हणून ‘टर्न अनडेड’ (भुताप्रेतांना पळवून लावायची शक्ती) त्याच्याकडे १९७४पासून आजतागायत आहे. गंमत म्हणजे त्या पहिल्या पुस्तकात पहिल्या लेव्हलच्या क्लेरिकला एकही स्पेल नव्हता. तो नुसता ॲकोलाइट. पुढे ॲडेप्ट, व्हिलेज प्रीस्ट, व्हिकर, क्युरेट, बिशप, आणि बिशपच्या लगेच वर लामा! लामाच्या वर पेट्रिआर्क. हाताला लागेल त्या धर्मातून पदव्या उचलल्या होत्या, आणि त्या उचलण्यातली बेफिकिरी आज वाचतानाही जाणवते.

नव्या पुस्तकातला क्लेरिक मला आवडला. प्रोटेक्टर घेतला तर जड चिलखत आणि चांगली शस्त्रं, थॉमॅटर्ज घेतला तर एक जास्तीचा कँट्रिप (हवा तितक्यांदा वापरता येणारा छोटा मंत्र) आणि धर्मज्ञानात बळ. पहिल्या लेव्हलपासून दोन क्लेरिक एकमेकांपासून वेगळे ओळखू येतात. डोमेन, म्हणजे क्लेरिकचा सबक्लास, मात्र आता तिसऱ्या लेव्हलला निवडायचं. २०१४च्या पुस्तकात क्लेरिक, सॉर्सरर आणि वॉरलॉक यांना सबक्लास पहिल्याच लेव्हलला मिळायचा, ड्रुइड आणि विझर्डला दुसऱ्या, बाकीच्यांना तिसऱ्या. आता सगळ्यांना तिसऱ्या लेव्हलला. शिकवायला सोपं जातं, हे खरं आहे. पण आमच्या गटातल्या एका मैत्रिणीने वॉरलॉक घेतला तेव्हा अडचण समोर आली. वॉरलॉक म्हणजे कुणाशी तरी करार करून शक्ती मिळवणारा. कराराची शक्ती पहिल्या लेव्हलपासून आहे, आणि करार कुणाशी केला ते ठरतं तिसऱ्या लेव्हलला! आर्कफे (परीलोकातलं बडं प्रस्थ) की सेलेस्टियल (स्वर्गीय), फीन्ड (सैतानी) की ग्रेट ओल्ड वन (पुरातन, अनाकलनीय), यावर अख्खं पात्र अवलंबून असतं. मी तिला पहिल्याच दिवशी मनात ठरवून मला एकटीला सांगायला लावलं. तिने फीन्ड निवडला. पहिल्या दोन लेव्हल तिचा मालक स्वप्नात फक्त जळक्या पंखांचा आवाज बनून यायचा, आणि तिसऱ्या लेव्हलला त्याने नाव सांगितलं तेव्हा टेबलावर सगळे गप्प झाले. खेळ छान झाला, पण ही युक्ती डीएमने शोधायची वेळ यायला नको होती. मालकाची ओळख सुरुवातीला अस्पष्ट असते एवढंच पुस्तकात म्हटलंय; दोन ओळींची ठळक सूचना असती तर नव्या डीएमचं काम सोपं झालं असतं.

सबक्लासच्या नावांत या आवृत्तीने जे बदल केले त्यांतला सगळ्यात चांगला विझर्डचा. आधी ‘स्कूल ऑफ इव्होकेशन’, ‘स्कूल ऑफ इल्यूजन’ अशी नावं होती. आता ॲबज्युरर, डिव्हायनर, इव्होकर, इल्यूजनिस्ट. आधी खात्यांची नावं होती, आता माणसांची आहेत. खेळताना कुणी “मी स्कूल ऑफ इव्होकेशनची विझर्ड” असं स्वतःची ओळख करून देत नाही. “मी इव्होकर, मागे सरका” असं म्हणते. यातल्या इल्यूजनिस्टला तर स्वतःचा इतिहास आहे. १९७५मध्ये तो वेगळा क्लास म्हणून मासिकात छापून आला, १९७८च्या हँडबुकात त्याची स्वतःची स्पेलची यादी होती, आणि आज तो विझर्डच्या घरात राहतो. असॅसिनचंही तसंच: १९७५मध्ये क्लास, १९८९मध्ये हकालपट्टी, आता ‘रोग’चा सबक्लास.

मंकच्या, म्हणजे लढवय्या भिक्षूच्या, सबक्लासचं नाव मात्र बिघडवलं. ‘वे ऑफ द ओपन हँड’चं आता ‘वॉरियर ऑफ द ओपन हँड’ झालंय. वॉरियर हा फायटिंग-मॅनचा दुसऱ्या लेव्हलचा किताब. दुसऱ्या आवृत्तीत फायटर, पॅलाडिन (धर्मयोद्धा) आणि रेंजर या तिघांच्या गटाचं नावही वॉरियर. शिवाय याच पुस्तकात फायटरचा एक सबक्लास ‘साय वॉरियर’ आहे. मंकची अख्खी ओळख ही की तो वाटेवर चालतो, शिस्तीतून लढतो, आणि नेमकी ती वाट नावातून काढली. १९७८च्या मंकला सतराव्या लेव्हलला ‘ग्रँड मास्टर ऑफ फ्लॉवर्स’ ही पदवी होती! वरच्या प्रत्येक पायरीवर एकच जण बसलेला असायचा, त्याला द्वंद्वात हरवूनच पुढे जायचं. ड्रुइडलाही वरच्या लेव्हलना द्वंद्वाचा हाच नियम होता. ‘द ग्रेट ड्रुइड’ जगात एकच. नावामागे कथा तयारच होती. आता मंकच्या आंतरिक ऊर्जेच्या ‘की’ पॉइंट्सचेही ‘फोकस’ पॉइंट्स झाले. याबद्दल मला तक्रार नाही, कारण लढायला हा मंक आधीच्यापेक्षा फार सरस आहे. हाताच्या माराचा डाय (फासा) चारऐवजी सहा बाजूंचा सुरू होतो, बोनस ॲक्शनचा (खेळीतल्या जादा कृतीचा) ठोसा जास्त मोकळेपणाने मारता येतो, आणि येणारा वार अडवायची युक्ती आता बाणांपुरती राहिलेली नाही. खेळ सुधारला, नाव पडलं.

रेंजरचं याच्या बरोबर उलट. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. १९७५मध्ये मासिकातून आलेला हा क्लास मुळात रानावनात माग काढणाऱ्याचा. १९७८च्या पुस्तकात त्याच्या पदव्या बघा: रनर, स्ट्रायडर, स्काउट, कोर्सर, ट्रॅकर, गाइड, पाथफाइंडर, आणि आठव्या लेव्हलला रेंजर. नुसत्या वाचल्या तरी पायाखाली पाचोळा वाजतो. तीनपेक्षा जास्त रेंजर एकत्र वावरू शकत नाहीत, असाही नियम होता. एकटेपणा नियमातच लिहिलेला.

नव्या पुस्तकातला रेंजर ‘हंटर्स मार्क’ या एका स्पेलभोवती बांधलाय. पहिल्या लेव्हलला तो स्पेल कायमचा तयार मिळतो आणि दिवसातून काही वेळा फुकट वापरता येतो. तेराव्या, सतराव्या आणि विसाव्या लेव्हलची खास कौशल्यंही त्याच स्पेलला ठिगळं लावणारी. विसाव्या लेव्हलचं बक्षीस काय, तर मार्कच्या नुकसानीचा डाय सहाऐवजी दहाचा. बाकीचे क्लास त्या उंचीवर दंतकथा होत असतात.

आणि या स्पेलला कॉन्सन्ट्रेशन लागतं, म्हणजे असा एका वेळी एकच स्पेल चालू ठेवता येतो. आमच्या खेळात एक खबऱ्या जंगलात पळाला. रेंजरने त्याच्यावर मार्क टाकला होता, त्यामुळे त्याचा माग काढायच्या चाचणीत ॲडव्हांटेज (दोनदा फासा टाकून मोठा आकडा घ्यायची मुभा) होतं. तो टप्प्यात आल्यावर खेळाडूला ‘एन्स्नेरिंग स्ट्राइक’ने वेलींत अडकवायचा होता. काय सुंदर कल्पना! पण त्यालाही कॉन्सन्ट्रेशन लागतं. वेली हव्या तर मार्क सोडा, आणि वेलींतून निसटला तर माग काढायचं ॲडव्हांटेजही गेलेलं. खेळाडूने बराच वेळ पानं उलटली, मग नुसता बाण मारला. रानाचा माणूस रानाची मदत घेऊ शकत नाही, तेव्हा त्या नावाला अर्थ राहत नाही. दुसऱ्या लेव्हलला एका कौशल्यात एक्स्पर्टीज (दुप्पट प्रावीण्य) मिळते, ती सर्व्हायव्हलमध्ये (रानात तग धरायच्या कौशल्यात) घ्या, असा माझा सल्ला आहे. तेवढाच जुना ट्रॅकर शिल्लक राहतो. ‘ग्लूम स्टॉकर’ सबक्लास उत्तम आहे, हेही सांगायला हवं, पण तो तिथवर टिकलेल्यांसाठी.

पॅलाडिनबद्दल फार बोलत नाही. तो नेहमीप्रमाणे मजबूत आहे. १९७५मध्ये करिश्मा हा गुण १७ असल्याशिवाय होताच येत नसे, आज कुणालाही होता येतं, आणि हे चांगलंच झालं. बार्बेरियन वर्णक्रमामुळे सगळ्यात आधी येतो, ‘टोटेम वॉरियर’चं ‘वाइल्ड हार्ट’ झालं ते मला आवडलं. बार्डचं भाग्य तर उजळलंच. १९७८मध्ये बार्ड परिशिष्टात होता: आधी फायटर म्हणून वाढायचं, मग थीफ व्हायचं, मग ड्रुइडांकडे शिकायचं, तेव्हा कुठे बार्ड. त्याच्या सबक्लासना आजही ‘कॉलेज’ म्हणतात ते तिथूनच आलं. आता पहिल्या लेव्हलपासून बार्ड होता येतं. मात्र दुसऱ्या प्रकरणात क्लासची जी ओळख करून देणारी सारणी आहे, तिने त्याला अवघड क्लासांत घातलंय, आणि ते बरोबर आहे. नवख्याला फायटर किंवा ‘रोग’ द्यावा, असं तीच सारणी सांगते. ही सारणी पुस्तकातली फार उपयोगी गोष्ट आहे. मी खेळाडूंना सगळ्यात आधी तीच दाखवते.

एका नावाची उणीव मला अजून जाणवते. २००८च्या चौथ्या आवृत्तीच्या हँडबुकात ‘वॉरलॉर्ड’ होता: एकही स्पेल न वापरता नुसत्या हुकमाने आणि धीर देऊन सोबत्यांना लढवणारा. २०१४ला तो गेला आणि आताही परतला नाही. फायटरच्या बॅटल मास्टर सबक्लासमध्ये त्याचे तुकडे सापडतात. अठ्ठेचाळीस सबक्लासांत एक तरी त्याच्या नावाचा हवा होता. सेनापती व्हायची इच्छा घेऊन येणारे खेळाडू कमी नसतात, आणि त्यांना दाखवायला माझ्याकडे पान नाही.

पुस्तक घ्यावं का? नव्याने सुरुवात करत असाल तर घ्या. मांडणी आधीपेक्षा पुष्कळ सरळ आहे, शेवटी नियमांचा शब्दकोश आहे, आणि क्लासचं प्रकरण एकट्याच्या बळावर पुस्तक तारून नेतं. २०१४चं पुस्तक घरात असेल आणि तुमच्या गटात मंक किंवा फायटर खेळणारं कुणी असेल, तरीही घ्या. शस्त्रांच्या ‘मास्टरी’मुळे (शस्त्रागणिक मिळणाऱ्या खास करामतीमुळे) फायटर आता दर फेरीत नुसता “मारतो” म्हणून गप्प बसत नाही. रेंजरसाठी मात्र घेऊ नका. आणि खात्री नसेल तर आधी एसआरडी ५.२ (खेळाच्या मूळ नियमांचा दस्तऐवज) उतरवून घ्या. तो फुकट आहे, क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहे, आणि त्यात बाराही क्लास प्रत्येकी एका सबक्लाससह दिलेत. विझर्डसाठी इव्होकर, मंकसाठी ओपन हँड, वॉरलॉकसाठी फीन्ड. वॉरलॉक घेणाऱ्याला करार कुणाशी केलाय ते पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.